एकाच पॅकेटच्या फुकटच्या फेऱ्या

सिडको असो की इंदिरानगर, रात्री नऊनंतर इंटरनेट रांगायला लागलं की केबलवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं : "वरूनच प्रॉब्लेम आहे, साहेब." बहुतेकदा ते खरंही असतं. पण कधीकधी हे ‘वर’ म्हणजे मुंबई नसते आणि समुद्राखालची केबलही नसते. ती असते त्याच्याच ऑफिसातल्या रॅकवरची, लिनक्स या प्रणालीवर चालणारी संगणकाची पेटी. फायबर मोकळी, प्रोसेसर चांगल्या ताकदीचा, तरी पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, तुंबलेली! अशा वेळी एक गोष्ट जरूर बघावी : तिथला पीपीपीओई सर्व्हर, म्हणजे ग्राहकांना ओळखून आत घेणारा प्रोग्राम, लिनक्सच्या गाभ्यातून (कर्नलमधून) चालतोय की कर्नलच्या बाहेरून.

नवीन राउटर लावताना युजरनेम आणि पासवर्ड टाकला असेल, तर तुम्ही बहुधा पीपीपीओईच वापरता. यातलं पीपीपी हे टेलिफोन-मोडेमच्या काळातलं. ग्राहक कोण, त्याला आत घ्यायचं का, त्याला कोणता आयपी पत्ता द्यायचा, हे सगळं त्यात ठरतं. पुढे मोडेमची किरकिर थांबली, घरापर्यंत इथरनेटची वायर आली, पण हजेरी आणि हिशेबाची ती सोय कंपन्यांना सोडवेना. म्हणून फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१६ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आला : पीपीपीचा मजकूर सरळ इथरनेटच्या फ्रेममध्ये, म्हणजे त्याच्या पाकिटात, घालायचा. राउटर आधी सगळ्यांना ओरडून विचारतो, ‘कोणी सर्व्हर आहे का?’ सर्व्हर उत्तर देतो, राउटर जोडणी मागतो, सर्व्हर १६ बिटांचा एक सेशन क्रमांक देतो. पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं. या वेष्टनाला ८ बाइट लागतात, म्हणून एका पॅकेटची कमाल मर्यादा राउटरच्या सेटिंगमध्ये १५०० ऐवजी १४९२ बाइट दिसते.

आता मूळ मुद्दा. लिनक्समध्ये प्रोग्राम दोन प्रदेशांत राहतात. कर्नलच्या हातात नेटवर्क कार्ड, मेमरी, डिस्क सगळं असतं. बाकीचे प्रोग्राम बाहेर, म्हणजे यूजरस्पेसमध्ये. बाहेरच्याला काहीही हवं असलं की सिस्टिम कॉल करून आत विनंती करावी लागते. ही हद्द प्रोसेसर स्वतः सांभाळतो आणि ती ओलांडायला वेळ लागतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाल्यावर जे संरक्षण कर्नलमध्ये घातलं गेलं, त्यानंतर बाधित प्रोसेसरांवर हे ओलांडणं आणखी महाग झालं.

पीपीपीओई आलं तेव्हा लिनक्सच्या मुख्य कर्नलला ते येत नव्हतं. पीपीपी सांभाळणारा पीपीपीडी हा प्रोग्राम मात्र होता. त्याची समजूत एकच : आपण सिरीयल पोर्टवरून मोडेमशी बोलतोय. मग रोअरिंग पेंग्विन या कंपनीच्या आरपी-पीपीपीओई या पॅकेजने एक झकास युक्ती केली. खोटा टर्मिनल तयार करून पीपीपीडीला सांगितलं, ‘हा घे तुझा मोडेम’. टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला पीपीपीओई नावाचा छोटा प्रोग्राम बसवला. टर्मिनलमधून येणारे बाइट तो इथरनेटवर टाकणार आणि इथरनेटवरचे टर्मिनलमध्ये.

युक्ती चालते, पण तिची किंमत बघा. सिरीयल लाइनवर बाइटांची नुसती धार वाहते, पॅकेट कुठे संपलं ते कळत नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमच्या कडेला १२६ या किमतीचा बाइट खुणेसाठी ठेवतात. मग मजकुरातच १२६ आला तर? त्याच्या जागी दोन बाइट लिहायचे : १२५ आणि ९४. म्हणजे आधी ‘सावधान’ची खूण, मग मूळ बाइटमधला ३२ किमतीचा बिट उलटा करून. आणि मजकुरात १२५ च आला तर? १२५ आणि ९३. पलीकडच्याने १२५ दिसला की तो टाकून द्यायचा आणि पुढच्या बाइटचा तोच बिट पुन्हा उलटवायचा. मला ही कल्पना फार आवडते. कुठलाही मजकूर, कितीही वाकडा, खुणेशी गल्लत न होता पलीकडे पोचतो. यादृच्छिक मजकुरात सरासरी १२८ बाइटांमागे एकदाच हा खटाटोप करावा लागतो. पण तो करावा लागेल का, हे बघण्यासाठी प्रत्येक बाइट तपासावाच लागतो.

शिवाय शेवटी चूक पकडण्यासाठी दोन बाइटांची तपासणी जोडायची. खडखडणाऱ्या फोनलाइनवर हे सगळं गरजेचं होतं. इथे तर लाइनच नाही; टर्मिनल खोटा, दोन्ही टोकं एकाच मेमरीत. इथरनेटला फ्रेमच्या सीमा माहीत असतात, त्याची स्वतःची ३२ बिटांची तपासणी असते, आणि पीपीपीओईच्या नियमानुसार ते दोन बाइट पुढे पाठवायचेच नसतात. लासलगावला कांदा गोणीत भरून तोंड शिवायचं आणि गेटवर तीच गोणी उसवून कांदा ट्रकमध्ये मोकळा ओतायचा, असला हा प्रकार.

ग्राहकाच्या डाउनलोडचं एक पॅकेट घ्या. ते कार्डावरून कर्नलमध्ये येतं, तिथे त्याला ही सिरीयलची शिवण घातली जाते, खोट्या टर्मिनलमधून ते बाहेरच्या प्रोग्रामकडे जातं, तो शिवण उसवतो आणि पॅकेट पुन्हा आत देतो, मग ते कार्डाकडे निघतं. हद्द दोनदा ओलांडली, नकला निघाल्या त्या वेगळ्याच. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मोठी पॅकेटं सुमारे ८ हजार आणि बाइट १ कोटी २५ लाख. एका घराला हे चालून जातं. सर्व्हरवर संध्याकाळी शेकडो घरं जागी असतात.

जानेवारी २००१ च्या लिनक्स २.४ पासून पीपीपीओई कर्नलमध्येच आहे. त्या पद्धतीत ओळख-परेड बाहेरच होते, पण सेशन ठरला की सर्व्हर त्याचा क्रमांक आणि राउटरचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा क्रमांक) पीपीपीडीच्या प्लगिनला, म्हणजे त्याला जोडलेल्या पूरक कोडला, देतो. प्लगिन त्या जोडीसाठी कर्नलमध्ये एक खास सॉकेट (डेटाची वाट) उघडतो आणि बाजूला होतो. पुढे कर्नल पीपीपीचा प्रोटोकॉल क्रमांक बघतो. षोडशमानात ००२१ असेल तर ते साधं आयपी पॅकेट, ते आतल्या आत मार्गी लागतं. पासवर्डची किंवा वाटाघाटीची पॅकेटं तेवढी बाहेर पीपीपीडीकडे जातात, आणि ती असतात मोजकी. शिवणकाम बंद, डेटासाठी हद्द ओलांडणं शून्य.

तरी बऱ्याच जणांचं अडतं. कर्नलमध्ये मोड्यूल आहे, लोडही होतं, पण सर्व्हरला कर्नल पद्धत वापरायला सांगणारा ‘के’ हा पर्याय दिला की तो नकार देतो. कारण पॅकेज बांधताना कॉन्फिगर स्क्रिप्टने ही सोय बंद ठेवलेली असते. प्रोग्रामच्या आत तो कोडच नाही, मग कर्नल कितीही तयार असून उपयोग काय? अशा वेळी सोर्स आणून, प्लगिन चालू करायचा पर्याय देऊन, पॅकेज पुन्हा बांधावं लागतं. आणि प्लगिन त्याच आवृत्तीच्या पीपीपीडीसाठी बांधलेला हवा. पीपीपीडी आवृत्तीचं नाव जुळवून बघतो, नाही जुळलं तर प्लगिन उचलतच नाही. अपडेटनंतर सकाळी सगळे ग्राहक बाहेर, असं होण्याचं हेही एक कारण असू शकतं.

यावर ‘टर्बो’ असा शिक्का मारून विकणारे निघतीलच, म्हणून सांगतो : तुमच्या प्लॅनचा वेग याने वाढत नाही, १४९२ चे १५०० होत नाहीत, आणि वायफाय भिंतीपलीकडे पोचत नसेल तर तेही सुधारत नाही. सर्व्हरचा प्रोसेसर दमत असेल तरच फरक दिसतो. रॅकला लटकवलेल्या लिंबू-मिरचीने आणि राउटरला चिकटवायच्या तांब्याच्या स्टिकरने तर तेवढाही दिसत नाही.

दुसरी बाजूही आहे. बाहेरचा प्रोग्राम कोसळला तर एका ग्राहकाची लाइन तुटते. कर्नलमधला दोष अख्खी पेटी पाडू शकतो. शिवाय कर्नल पद्धतीतही ग्राहकामागे एक पीपीपीडी चालूच राहतो, हजारो ग्राहक झाले की त्यांचंच ओझं होतं. तेव्हा अ‍ॅक्सेल-पीपीपीसारखा सर्व्हर बरा. डेटासाठी तोही कर्नलचीच वाट वापरतो, पण सगळे सेशन एकाच प्रोसेसमधल्या थ्रेड्सवर सांभाळतो.

आपल्या पेटीत काय चाललंय हे कळायला सोर्स वाचावा लागत नाही. प्रोसेसची यादी काढा : प्रत्येक ग्राहकामागे पीपीपीडी आणि पीपीपीओई अशी जोडी दिसली तर शिवणकाम चालू आहे. एकटा पीपीपीडी असेल तर कर्नलमधल्या सेशनची यादी ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘नेट’खाली ‘पीपीपीओई’ या फाइलमध्ये मिळेल. सेशन क्रमांक, मॅक पत्ता आणि कार्डाचं नाव, प्रत्येकाची एक ओळ.