टेबल-राउटर : उंचीची स्थिरता

टेबलाखाली उलट्या बसवलेल्या राउटरच्या (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकडात खाचा पाडणारे यंत्र) बिटाची (त्यात बसणारे, दांडा असलेले पाते) एकदा ठरवलेली उंची काम संपेपर्यंत ढळू नये, यासाठीची रचना व कार्यपद्धती. उंची ढळली की एकाच फळीच्या दोन टोकांना खाचेची खोली वेगळी येते आणि सांधा बसत नाही. ढळण्याच्या जागा दोन : मोटर व बेस (मोटर धरून ठेवणारी बैठक) यांमधली पकड, आणि कोलेट (दांडा आवळून धरणारी, चिरा असलेली नळी) व बिटाचा दांडा यांमधली पकड. पहिली सुटली तर मोटर आपल्या वजनाने उतरते व खाच उथळ होत जाते. दुसरी सुटली तर बिट बहुधा वर सरकते व खाच खोल होत जाते. दोष शोधताना ही दिशा सर्वांत आधी पाहावी. खाच खोल होत असताना बेसचे लॉक कितीही आवळले तरी उपयोग होत नाही.

इतिहास : कापणारा आस टेबलाच्या खालून वर काढण्याची कल्पना स्पिंडल मोल्डर या लाकडाच्या कडा घडवणाऱ्या यंत्रात १९व्या शतकातच रुळली होती. हात-राउटरच्या उगमाबद्दल मात्र एकमत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत आर. एल. कार्टर यांनी तयार केलेले विजेचे यंत्र पुष्कळ ठिकाणी आद्य मानले जाते. साधारण त्याच काळात ओन्सरुड पिता-पुत्रांनी दाबित हवेवर फिरणारा हात-राउटर केला होता. ‘पहिला’ कोणता, हे बरेचसे विजेची मोटर ही अट धरली जाते की नाही यावर ठरते. टेबल-राउटरचा विचार करायचा तर कार्टर यांची परंपरा अधिक जवळची वाटते, कारण बेसमध्ये वरखाली सरकणारी विजेची मोटर हीच आजही त्याची मूळ रचना आहे. कार्टर यांचा व्यवसाय १९२९ मध्ये स्टॅन्ली कंपनीकडे गेला. स्प्रिंगांवर दाबून खाली नेण्याचा प्लंज राउटर जर्मनीत एलू कंपनीने १९४९च्या सुमारास आणला.

स्पिंडल मोल्डरचा आस जड ओतीव स्लाइडवर बसवलेला असतो आणि तो मुळातच टेबलासाठी आखलेला असतो. राउटरचे तसे नाही. त्याचा खोलीचा अटकाव मोटरला बेसच्या दिशेने ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही. यंत्र उलटे केल्यावर मोटर बेसपासून दूर पडू पाहते आणि त्या दिशेला हा अटकाव निरुपयोगी ठरतो. उंची ढळण्याची बहुतेक मोटरकडची कारणे या एका उलटापालटीतून निघतात.

स्क्रूची यांत्रिकी : ज्या स्क्रूवर मोटर तोललेली असते त्याच्या आट्यांचा चढकोन (आट्यांचा उतार) घर्षणकोनापेक्षा (ज्या उतारापर्यंत घर्षण वस्तूला घसरू देत नाही त्यापेक्षा) लहान असेल, तर केवळ भाराने तो उलटा फिरत नाही, अशा स्क्रूला स्वयंरोधी म्हणतात. १२ मिमी. मध्यव्यासाचा आणि एका फेऱ्यात १.५ मिमी. सरकणारा स्क्रू घेतल्यास चढकोन सुमारे २.३° येतो. घर्षणांक ०.१५ धरला तर घर्षणकोन सुमारे ८.५° असतो, म्हणजे मोकळीक भरपूर आहे. त्रिमितीय प्रिंटरांत सर्रास वापरला जाणारा ८ मिमी. व्यासाचा, चार सुरुवातींच्या (चार आटे शेजारी-शेजारी गुंडाळलेल्या) आट्यांचा स्क्रू मात्र एका फेऱ्यात ८ मिमी. सरकतो, त्याचा चढकोन २०°च्या आसपास जातो आणि तो स्वयंरोधी राहत नाही. घरी लिफ्ट (मोटर स्क्रूने वरखाली करणारी जोडणी) बनवणाऱ्यांनी हा स्क्रू टाळून त्याच व्यासाचा २ मिमी. सरकणारा, सुमारे ५° चढकोनाचा स्क्रू घ्यावा.

हे गणित स्थिर भाराचे झाले. मिनिटाला १८,००० फेरे म्हणजे सेकंदाला ३००, आणि दोन पात्यांच्या बिटासाठी सेकंदाला ६०० घाव. कंपाने आटे सैल का होतात याविषयी गुडियर व स्वीनी यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या स्पष्टीकरणात अक्षाच्या दिशेने कमीजास्त होणाऱ्या ताणाला महत्त्व होते : ताण बदलताना नट व बोल्ट यांचे आटे त्रिज्येच्या दिशेने एकमेकांवर किंचित घसरतात आणि नट थोडाथोडा फिरतो. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवले, की अक्षाला आडवे होणारे घसरणे कितीतरी अधिक घातक असते. एका दिशेने घसरण सुरू झाली की इतर दिशांनी घर्षणाचा अटकाव जवळपास उरतच नाही. राउटरच्या बिटावरचे घाव मुख्यतः आडवेच असल्याने युंकर यांचे विवेचन येथे अधिक लागू पडते. मात्र त्यांचे प्रयोग आवळलेल्या बोल्टवरचे आहेत आणि लिफ्टचा स्क्रू तसा आवळलेला नसतो; म्हणून स्क्रू स्वयंरोधी असला तरी मोटर वा ती ज्यांवर सरकते ते खांब वेगळ्या लॉकने आवळणे आवश्यक ठरते. आडवी हालचाल थांबली की स्क्रूवर फक्त वजन राहते, आणि ते त्याला सहज पेलते.

उंची लावणे : आटे व नट यांमध्ये थोडी चाल असतेच. उंची कमी करताना भुसा किंवा राळ साचलेल्या खांबांवर मोटर अडकून राहते, स्क्रू तेवढाच खाली जातो आणि मध्ये पोकळी उरते. यंत्र सुरू झाल्यावर कंपाने मोटर त्या पोकळीत बसते व कारागिराला वाटते लॉक सुटले. त्यामुळे हव्या मापाच्या खाली जाऊन शेवटची हालचाल नेहमी वर चढवतच करावी. लॉक आवळतानाही मोटर किंचित कलते. माप लॉक आवळल्यानंतरच घ्यावे आणि फरक दिसल्यास लॉक सोडून पुन्हा लावावे. खांब कोरडे पुसून त्यांवर मेणाचा पातळ हात द्यावा. तेलावर भुसा चिकटतो. तरफेचे लॉक ढिले वाटल्यास आधी तिचा ताण ठरवणारा नट पाहावा.

प्लंज राउटर : उलटे केल्यावर स्प्रिंगांचा जोर व मोटरचे वजन एकाच दिशेला लागते. टेबलातच कायम राहणाऱ्या यंत्राच्या स्प्रिंगा निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे काढतात. अटकावाच्या सळईऐवजी आट्यांची सळई लावून मोटर तिच्यावरील नटाने धरून ठेवणे, व त्याला दुसरा नट आवळून जखडणे, हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे.

कोलेट : सर्पिल पाती चिरफळ्या दांड्याकडे ओढत असतील, तर प्रतिक्रियेने बिट कोलेटमधून बाहेर खेचले जाते. दांडा कोलेटच्या तळाला टेकवून आवळू नये, २-३ मिमी. मागे घ्यावा. कोलेट आवळले जाताना दांड्याला किंचित आत ओढते, आणि तळ लागलेला असेल तर पकड अर्धवट राहते. पात्याजवळ दांडा जिथे रुंदावतो तो गोलावाही कोलेटात जाऊ देऊ नये. ६ मिमी. दांडा ६.३५ मिमी. कोलेटात किंवा १२ मिमी. दांडा १२.७ मिमी. कोलेटात घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण तो काठांवरच धरला जातो. दांड्यावर तेल नको. कोलेटच्या चिरांतली राळ पितळी ब्रशने काढावी आणि तोंडाशी पसरलेले कोलेट बदलावे. शंका असल्यास यंत्राची वीज तोडून दांडा व कोलेटचा नट यांवर मिळून शाईची एक रेघ ओढतात. चाचणीच्या कापानंतर रेघ तुटलेली दिसली, किंवा दांड्यावर चकाकते सर्पिल ओरखडे उमटले, तर पकड सुटत आहे असे समजावे.