गृहकर्जाचे व्याजदर आणि फ्लॅटविक्री (ठाणे, नवी मुंबई)

होमलोनचं व्याज वर-खाली झालं की फ्लॅटच्या व्यवहारांवर जो परिणाम होतो तो. ठाणे-नवी मुंबईत नोकरदार गिऱ्हाईक मोठं, त्यामुळे परिणाम आधी बजेटवर दिसतो: बँक पगार बघून हप्ता ठरवते, व्याज वाढलं की तेवढ्याच पगारावर कर्ज कमी बसतं, मग माजिवड्यात टू बीएचके बघणारा कासारवडवलीकडे सरकतो आणि खारघरवाला तळोज्याला.

रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बदलला की कर्जाचा दरही लवकर बदलतो हे तसं अलीकडचं. २०१० पासून बेस रेट, २०१६ पासून एमसीएलआर, हे बँकेने स्वतःच्या खर्चावरून काढलेले आधारदर, दोन्हींत कपात ग्राहकापर्यंत रेंगाळत यायची. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) कर्जं बँकेबाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडली गेली.

खरा वाद २०२०-२१ चा. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला आणि सप्टेंबरपासून राज्याने स्टँप ड्युटी डिसेंबरअखेर ३ टक्के, मग मार्चपर्यंत २ टक्के कमी केली, तर त्या काळातल्या तेजीचं श्रेय कुणाला? सवलत संपायच्या तोंडावर उडालेली झुंबड बघता स्टँप ड्युटीचं पारडं जड वाटतं, पण लगेच कोविडची दुसरी लाट आल्याने पुढचे आकडे स्वच्छ नाहीत. शिवाय ड्युटी भरून सही झाल्यावर नोंदणीला चार महिने मिळतात, म्हणजे निबंधक कार्यालयातला आकडा त्याच महिन्याच्या विक्रीचा असेलच असं नाही (बातम्यांत हे सर्रास विसरलं जातं).

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ६.५० वर गेला, तरी पुस्तकी हिशोबाप्रमाणे बाजार बसला नाही. नवी मुंबईत अटल सेतू आणि विमानतळाची आशा हे एक कारण सांगतात, ते उलवे-पनवेलपुरतं पटतं, ठाण्यात घोडबंदरला लागू होत नाही. जुन्या कर्जदारांचे हप्ते न वाढवता मुदती लांबल्या: ५० लाख, २० वर्षं, ७ टक्क्यांनी हप्ता ३८,७६५, सुरुवातीलाच दर ९ झाला आणि हप्ता तोच ठेवला तर फेड ३८ वर्षांवर जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला द्यायला लावला.

२०२५ मध्ये रेपो ५.२५ पर्यंत उतरला. मात्र भाव चढले तर कपात त्यातच जिरते: २० वर्षांसाठी ५० लाखांना ९ टक्क्यांनी हप्ता ४४,९८६, आणि ५५ लाखांना ८ टक्क्यांनी ४६,००४.

रिसेलमध्ये विकणाऱ्याचं जुनं कर्ज आणि सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) जमिनीवर मालक बदलताना भरायचे ट्रान्सफर चार्जेस मध्ये येतात, त्यामुळे तिथे व्याजाचा परिणाम वेगळा काढणं कठीण.