पक्का रंग फोडणारे स्फटिक

बेळगावच्या शहापूर, खासबाग, वडगावात मागांच्या खडखडाटात वाढलेल्याला 'पक्का रंग' म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. ऊन लागो, साबण लागो, साडीचा रंग उतरायचा नाही. पण रंगाच्या टाकीत उरलेल्या पाण्यातला रंगही तितकाच पक्का असतो. जिवाणूंना तो सहज पचत नाही, नुसत्या उन्हानं तो लवकर विरत नाही. साडीतला गुण नाल्यात जाऊन दोष ठरतो.

हा रंग उजेडाच्या मदतीनं फोडणारे काही स्फटिक आहेत. त्यांची रचना विणकराला लगेच समजेल: धातूचे अणू म्हणजे गाठी, कार्बनी रेणू म्हणजे धागे. अशा विणीला कोऑर्डिनेशन पॉलिमर म्हणतात. तिच्यातल्या सच्छिद्र जाळ्यांना एमओएफ (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क) म्हणतात आणि त्यांवरच्या कामासाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना 2025चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. याघींच्या 1999च्या एमओएफ-5 मध्ये गाठी जस्ताच्या आहेत आणि धागा टेरेफ्थॅलिक आम्लाचा. आपल्या पॉलिस्टर साड्यांचं सूतही त्याच आम्लापासून बनतं! या स्फटिकाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 3000 चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो, म्हणजे जवळजवळ तीस गुंठे.

यातले काही स्फटिक अतिनील दिव्याखाली चमकतात. पाण्यात डायक्रोमेट, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप असेल, तर ते स्फटिकाच्या वाट्याचा अतिनील प्रकाश स्वतःच शोषून घेतं आणि चमक मंदावते. किती मंदावली यावरून क्रोमियम किती आहे ते मोजता येतं.

फोडण्याचं काम वेगळं. प्रकाश पडला की स्फटिकातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी घेतो आणि मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला चेतवतो. रिकामी जागा रंगाच्या रेणूतून किंवा पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढते. यातून तयार होणारे आक्रमक रेणू रंगाचे बंध तोडत जातात. अडचण अशी की पुष्कळ स्फटिकांना अतिनील किरणच लागतात, आणि उन्हात ते जेमतेम पाच टक्के. म्हणून धाग्यात बदल करतात. टायटॅनियमच्या एका पांढऱ्या स्फटिकात टेरेफ्थॅलिक आम्लाला अमिनो गट (नायट्रोजन-हायड्रोजनचा छोटा तुकडा) जोडला की तो पिवळा होतो आणि डोळ्यांना दिसणारा उजेडही वापरू लागतो.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाणी नितळ दिसलं म्हणजे ते शुद्ध झालं असं नाही. अ‍ॅझो रंगाचा मधला, दोन नायट्रोजन अणूंमधला बंध तुटला की रंग जातो, पण उरलेल्या तुकड्यांत घातक अमाइन, म्हणजे नायट्रोजनयुक्त संयुगं, असू शकतात. म्हणून पाण्यात कार्बनी द्रव्य एकूण किती उरलं हेही मोजायला हवं. शिवाय स्फटिकातला धातूच पाण्यात सुटत नाही ना, हे पाहावं लागतं. एमओएफ-5 तर दमट हवेतही ढासळतो. झिरकोनियमच्या गाठींचा यूआयओ-66 पाण्यात टिकतो.

प्रयोगशाळेत बहुतेक वेळा शुद्ध पाण्यात एकच रंग घालून पाहतात. रंगणीच्या सांडपाण्यात मात्र सुताची खळ असते, सुती धागा रंगवताना घातलेलं मीठ असतं, आणि गढूळपणामुळे उजेड आतपर्यंत पोचत नाही. बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगला की त्याचं पाणी भाताच्या शिवारात शिरतं. मला निकाल हवा आहे तो तशा पाण्यावरचा, आणि तोही तोच स्फटिक दहाव्यांदा वापरल्यावर.