शार्क निरीक्षण

शार्क निरीक्षण : समुद्रस्नानाच्या किनाऱ्यांजवळ येणारे शार्क वेळीच ओळखून पोहणाऱ्यांना सावध करण्याची आणि या माशांच्या हालचालींची दीर्घकाळ नोंद ठेवण्याची पद्धती. कोकणपट्टीत शार्कला मुशी, मालवणकडे मोरी म्हणतात. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती ज्ञात आहेत; माणसावरील गंभीर हल्ल्यांत वारंवार आढळतात त्या मुख्यतः तीन : पांढरा शार्क, टायगर शार्क व बुल शार्क. निरीक्षणाची सारी यंत्रणा प्रामुख्याने या तिघांभोवती उभी आहे.

या पद्धतीचा आरंभ कोठे धरावा, हे निरीक्षण कशाला म्हणायचे यावर ठरते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर जुलै १९१६ मध्ये बारा दिवसांत चौघांचा बळी गेला. त्यानंतर काही स्नानकिनाऱ्यांना तारेच्या जाळ्या लावल्या गेल्या व बंदूकधारी होड्यांची गस्त सुरू झाली. पण ही तात्पुरती घबराट होती, व्यवस्था नव्हे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक मंडळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाली. पहिले मंडळ बाँडीचे की ब्राँटीचे, हा वाद अजून मिटलेला नाही. उंचावरून पाण्यावर नजर ठेवायची आणि शार्क दिसताच घंटा किंवा भोंगा वाजवायचा, ही प्रथा याच मंडळांमुळे रुजली असे मानणे सयुक्तिक वाटते. तिचे नेमके वर्ष सांगण्यापेक्षा ‘दोन महायुद्धांच्या दरम्यान ती सर्वपरिचित झाली’ एवढेच म्हणणे बरे.

अनेक ठिकाणी हा आरंभ १९३७ चा, म्हणजे सिडनीजवळ जाळी टाकण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हाचा, धरला जातो. प्रस्तुत नोंदीत ते मत स्वीकारलेले नाही. जाळे म्हणजे कुंपण, ही सर्वसाधारण समजूत चुकीची आहे. न्यू साउथ वेल्समधील प्रत्येक जाळे सुमारे १५० मी. लांब व ६ मी. उंच असते. त्याची दोन्ही टोके मोकळी असतात आणि शार्क त्याच्या वरून, खालून, बाजूने सहज जातो. सापडलेल्या शार्कांपैकी कित्येक तर किनाऱ्याकडून परत फिरताना अडकलेले असतात. जाळ्याचे काम मासे मारून त्यांची संख्या घटवणे हे आहे. त्यात कासवे, डॉल्फिन आणि निरुपद्रवी पाकट (चपट्या अंगाचे मासे) हेही मरतात. दक्षिण आफ्रिकेतील दरबान (१९५२) व ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड (१९६२) येथील कार्यक्रमही याच वर्गात मोडतात. क्वीन्सलँडमध्ये जाळ्यांच्या जोडीला आमिष लावलेले गळ वापरतात.

न मारता पाहणे, नोंदवणे आणि इशारा देणे या अर्थाने पाहिले, तर केपटाऊन येथे २००४ मध्ये संघटित झालेला पहारेकऱ्यांचा उपक्रम सर्वांत महत्त्वाचा ठरतो. फॉल्स बे या उपसागराला लागूनच डोंगर आहे. त्याच्या उतारावर बसलेला पहारेकरी ध्रुवीकृत (पाण्यावरची चकाकी कमी करणाऱ्या) काचांचा चष्मा व दुर्बीण लावून पाण्यातील सावली हेरतो आणि बिनतारी संचावरून खाली किनाऱ्यावर कळवतो. याच उपसागराच्या म्यूझनबर्ग व फिश हूक या किनाऱ्यांवर चार बावटे वापरतात. हिरवा म्हणजे पाणी स्वच्छ असून शार्क दिसलेला नाही. काळा म्हणजे पाणी गढूळ आहे, शार्क असला तरी दिसणार नाही. लाल म्हणजे नुकताच शार्क दिसून गेला आहे, सावध राहा. पांढऱ्या बावट्यावर काळ्या शार्कचे चित्र असते. तो चढला व भोंगा वाजला की सर्वांनी ताबडतोब पाण्याबाहेर यायचे. यातील काळा बावटा विशेष मोलाचा आहे, कारण पहारेकऱ्याला काय दिसत नाही हे तो पोहणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगतो. फिश हूकला २०१३ पासून बारीक विणीचे, शार्कला न मारता खरोखर अडवणारे अडसर-जाळेही वापरात आले. ते सकाळी टाकून संध्याकाळी काढून घेतात आणि त्यात सहसा प्राणी अडकत नाहीत.

विमानातून टेहळणी हा उपाय लोकप्रिय असला तरी त्याची विश्वासार्हता कमी. ऑस्ट्रेलियात शार्कच्या आकाराच्या प्रतिकृती पाण्याखाली ठेवून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विमानातील निरीक्षकांना १२.५ टक्के, तर हेलिकॉप्टरमधील निरीक्षकांना १७.१ टक्के प्रतिकृतीच दिसल्या. ड्रोन कमी उंचीवर रेंगाळू शकतो, चित्रे जागेवर पाठवतो आणि खर्चही कमी. मात्र वारा, पाऊस, पाण्यावरची चकाकी व बॅटरीचा अल्प अवधी या त्याच्या मर्यादा आहेत.

ध्वनिटॅगची रीत निराळी आहे. पकडलेल्या शार्कला टॅग लावून सोडून देतात. हा टॅग ६९ किलोहर्ट्झच्या आसपास सांकेतिक ध्वनिस्पंद सोडतो, आणि शार्क किनाऱ्याजवळील बोयापासून (नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपापासून) काहीशे मीटरच्या आत आला की बोयावरील यंत्र उपग्रहामार्फत संदेश देते. मोबाइलवर इशारा मिळतो तो या मार्गाने. टॅग नसलेला शार्क या यंत्रणेला कळतच नाही, त्यामुळे बोया गप्प आहे म्हणजे पाणी निर्धोक आहे, असा अर्थ कोणी काढू नये. टॅग लावण्यासाठी न्यू साउथ वेल्समध्ये ‘स्मार्ट’ गळ वापरतात. हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावर तो विकसित झाला. मासा गळाला लागताच त्याची सूचना मिळते, पथक अर्ध्या तासात पोचण्याचा प्रयत्न करते आणि टॅग लावून शार्कला किनाऱ्यापासून दूर नेऊन सोडते.

दीर्घकालीन नोंदींचे महत्त्व फॉल्स बेने पटवून दिले. तेथील पांढरे शार्क २०१५ नंतर झपाट्याने कमी होत जवळजवळ दिसेनासे झाले. ऑर्का देवमाशांच्या भीतीने ते स्थलांतरित झाले असे एक मत, तर त्यांचे भक्ष्य असलेले लहान शार्क मासेमारीने संपत आले असे दुसरे. २०१७ मध्ये जवळच्या गान्सबाई येथे ऑर्कांनी मारलेल्या पांढऱ्या शार्कांची यकृत नसलेली शरीरे किनाऱ्याला लागली, त्यामुळे पहिल्या मताला बळ मिळाले. मात्र दोन्ही कारणे एकत्र घडली असणे अधिक संभवते. जगात विनाचिथावणी चाव्याचे प्रसंग वर्षाला सरासरी ६० ते ७० नोंदले जातात. उलट मासेमारीत मरणाऱ्या शार्कांचा अंदाज वर्षाला सुमारे १० कोटींचा आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांसाठी अशी यंत्रणा नाही. येथे मच्छीमारांच्या जाळ्यात येते ती बहुधा मीटरभराहून लहान मुशी. अपवाद म्हणून पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा नदीत फेब्रुवारी २०२४ मध्ये बुल शार्कने एका तरुणाच्या पायाचा चावा घेतला, त्याची नोंद करावी लागते. ही जात खाडीतून गोड्या पाण्यात वर चढते. पावसाळ्यात कोकणच्या खाड्या गढूळ असतात, तेव्हा ड्रोन वा पहारा निरुपयोगी ठरेल. ध्वनिटॅगच काही उपयोगी पडू शकतो.

महाराष्ट्रातच, पण किनाऱ्यापासून आत असलेल्या कोल्हापूर जिल्ह्याचा विचार वेगळा करावा लागतो. त्याला समुद्रकिनारा नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. वाटेत प्रकाशम बंधाऱ्यापासून नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर, अलमट्टीपर्यंत अडथळे असल्याने पंचगंगेच्या घाटावर शार्क येणे अशक्य आहे. तथापि करूळ, फोंडा किंवा आंबा घाट उतरून तारकर्ली, मालवण, गणपतीपुळे येथे जाणाऱ्यांत कोल्हापूरकर मोठ्या संख्येने असतात. त्यांना तेथे खरा धोका शार्कचा नसून समुद्राकडे ओढून नेणाऱ्या प्रवाहाचा आहे. नदीत तरबेज झालेला पोहणारा त्या प्रवाहाविरुद्ध हात मारत दमतो. त्याने किनाऱ्याला समांतर पोहून आधी प्रवाहातून बाहेर पडले पाहिजे. केपटाऊनसारखी बावट्यांची शिस्त कोकणात आधी या कारणासाठी हवी. गोव्यात २००८ पासून नेमलेले जीवरक्षक बावटे लावून पोहण्याची जागा आखून देतात.

कोल्हापूर जिल्ह्यात निरीक्षणाचा प्रश्न येतो तो मगरीच्या बाबतीत, विशेषतः शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठी. मगर थंडीत ऊन खायला काठावर येते आणि रात्री विजेरीच्या झोतात तिचे डोळे चमकतात, म्हणून तिची गणना शार्कच्या मानाने सोपी. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती काठच्या मातीत अंडी घालते आणि घरट्याची राखण करते. या काळात धुणे, गुरे धुणे व पोहणे यांच्या जागा घरट्यांपासून दूर ठेवाव्या लागतात.