काळी माती, कोरडं आभाळ आणि वऱ्हाडचा कापूस

काळी माती म्हणजे कसदार माती, हे आपण शाळेपासून घोकत आलो. पण वऱ्हाडातल्या मातीचा तपासणी अहवाल पाहा: बहुतेकदा नत्र कमी, स्फुरद कमी, सेंद्रिय कर्ब बेताचाच. ही जमीन मोठी आहे ती पाणी धरून ठेवण्यात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. त्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन जी चिकणमाती झाली, तिच्यात स्मेक्टाइट गटाची खनिजं भरपूर. त्यांचे कण पापुद्र्यांचे. पाणी पापुद्र्यांमध्ये शिरलं की माती फुगते, म्हणून पावसाळ्यात चप्पल वावरातच रुतून बसते. उन्हाळ्यात तीच माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची भुसभुशीत माती त्यांत घरंगळते. काळं वावर स्वतःच स्वतःला नांगरतं म्हणतात, ते यामुळेच.

आता पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, वेळापत्रक बघा. पाऊस ओसरतो आणि बोंडं भरायला लागतात. तेव्हा सोटमूळ खोलवरच्या ओलीवर झाडाला जगवतं. वर मात्र ऊन हवं, कारण बोंडाची साल वाळली तरच ते नीट उमलतं आणि कापूस पांढरा राहतो. नेमका तेव्हा अवकाळी आला की कवडी होते, म्हणजे कापूस डागाळतो, आणि भाव पडतो. खाली ओल, वर कोरडं: निसर्गाची ही जोडी फार थोड्या मुलखांना मिळते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि भारतातल्या कापसाला एकदम भाव आला. पण वऱ्हाडाहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ साली, म्हणजे युद्ध आटोपल्यावर! शिवाय आपला देशी धागा आखूड, त्यामुळे गिरणीवाले नाक मुरडायचेच.

आणि सगळ्या विदर्भाची जमीन काही सारखी नाही. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात माती खोल आहे, पण विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे पिकाची सारी भिस्त मुरलेल्या पावसावर. यवतमाळच्या टेकाडांवर हातभर मातीखाली मुरूम लागतो. तिथे ओल लवकर आटते, आणि उशिरा पिकणारं संकरित वाण लावलं तर ऐन बोंडं भरताना झाड तहानतं. अशा बरड रानात लवकर येणारं वाणच परवडतं.