नाचणा बुट्टीखाली का झाकायचा?

सुगी आवरली, पिंजर रचून झाली, सकाळी मलप्रभेवर धुकं दिसायला लागलं की खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरात नाताळचं काम सुरू व्हायचं, आणि सगळ्यात पहिलं काम म्हणजे नाचणा भिजत घालणं. आजी १३ डिसेंबरच्या आसपास पत्र्याच्या एका पसरट डब्यात माती भरायची, रात्रभर भिजलेला नाचणा त्यात दाट पेरायची, पाणी शिंपडायची आणि वर बांबूची बुट्टी पालथी घालायची. तीन दिवस बुट्टीला हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी उघडायची आणि डबा पडवीत उजेडाला ठेवायचा. नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यात बाळ येशूच्या भोवती जी हिरवळ लागते ती हीच. झाकायचं कशाला म्हणून विचारलं की आजी म्हणायची, "माझी आई झाकायची की." झालं, एवढंच उत्तर.

मी पुढं बेळगावला बीएस्सीला बॉटनी घेतलं तेव्हा एका लेक्चरला मला एकदम आमची बुट्टी आठवली. बी अंधारात रुजतं तेव्हा रोपाच्या हिशोबानं ते अजून मातीखालीच असतं, मग ते पानं पसरण्यात, हिरवं होण्यात ताकद घालवत नाही, दाण्यातला सगळा साठा उंच होण्यावर लावतं कारण उजेडापर्यंत पोचलं नाही तर जगायचंच नाही. म्हणून झाकलेली रोपं पिवळसर, लांब, मऊ असतात. उजेड पडला की फायटोक्रोम नावाचं प्रोटीन, जे लाल प्रकाश ओळखतं, ते रोपाला सांगतं की आता वर आलास, मग लांब व्हायचा वेग कमी होतो आणि हरितद्रव्य तयार व्हायला लागतं, एक-दोन दिवसांत पिवळं रोप हिरवं दिसतं. म्हणजे २४ तारखेपर्यंत उंच, दाट, एकसारखी हिरवळ हवी असेल तर आधी अंधार आणि मग उजेड हाच बरोबर क्रम आहे. मी एका वर्षी अर्धा डबा उघडा ठेवून बघितला, उघड्या बाजूची रोपं बुटकी आणि राठ आली. शेजारच्या घरी नवरात्रात घट बसवतात तिथं पेरलेलं धान्य अंधाऱ्या देवघरात असंच पिवळं आणि लांब वाढतं, तेही याच कारणानं.

आता आजीची दुसरी गोष्ट सांगते. कुलकुल, म्हणजे नाताळचा एक तळलेला पदार्थ, करताना पिठाची छोटी गोळी नव्या फणीच्या दातांवर दाबून गुंडाळायची, म्हणजे शंखासारख्या रेघा उठतात, आणि प्रत्येक कुलकुल सुटला की आजी फणी ताटाच्या कडेवर दोनदा आपटायची. टक टक. पीठ चिकटलेलं असो नसो. मम्मीही आपटते, मीही आपटते. याला काही कारण आहे का म्हणून मी खरंच शोधलं, मला तरी सापडलं नाही.

एक पायरी अगदी उपयोगाची, एक बिनकामाची, आणि दोन्ही तीन पिढ्या तितक्याच इमानानं पुढं आल्या. असं का होतं याचं मला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात आहे. एक पेटी, आत बक्षीस. दाखवणारा माणूस आधी वरच्या भोकात काठी घालून ठोकतो, मग पुढच्या दारातून बक्षीस काढतो. पेटी काळी असते तेव्हा चिंपांझी आणि ३-४ वर्षांची मुलं दोघंही सगळ्या पायऱ्या करतात. मग तीच पेटी पारदर्शक केली, आता दिसतंय की वरच्या भोकाचा बक्षिसाशी काही संबंध नाही, मधे आडवा पडदा आहे. चिंपांझींनी वरचं ठोकणं सोडून दिलं आणि सरळ बक्षीस काढलं, मुलं मात्र वर ठोकतच राहिली!

पहिल्यांदा वाचताना वाटतं की चिंपांझी हुशार आणि आपली मुलं भोळी. पण माझ्या मते मुलंच शहाणी आहेत, कारण आजीच्या डब्याकडे बघणाऱ्या मुलाला फायटोक्रोम दिसत नाही, बुट्टी झाकणं कामाचं आणि फणी आपटणं बिनकामाचं हे त्यानं कसं ओळखायचं? मोठी माणसं करतात त्यातलं बरंच काही असं असतं की कारण डोळ्याला दिसत नाही, मग सगळंच्या सगळं उचलणं हाच सुरक्षित मार्ग. २०१० मध्ये मार्क नील्सन आणि कियान टोमासेली यांनी ऑस्ट्रेलियातल्या शहरी मुलांवर आणि आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या बुशमन मुलांवर असलेच प्रयोग केले, दोन्हीकडं मुलं तशीच वागली, म्हणजे ही सवय एका देशाची किंवा शाळेत घातलेली नाही. शास्त्रज्ञ याला अतिअनुकरण म्हणतात. परंपरा टिकते ती मुख्य या सवयीच्या जोरावर.

पण मग बदल कुठून येतो? कारण आजीचा नाताळ आणि आमचा नाताळ सारखा नाही हे तर उघड आहे.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली आणि नंतर आठवून सांगायला लावली, त्याचं काम १९३२ मध्ये छापून आलं. कथेतला कॅनो सांगताना साधी बोट झाला, सीलची शिकार होती तिची मासेमारी झाली, भुताखेतांचा जो भाग लोकांना समजलाच नव्हता तो गळून गेला. आठवताना माणूस नुसता साठा उघडत नाही, परत रचतो, आणि रचताना अनोळखी गोष्ट ओळखीच्या साच्यात ओततो.

आमच्या घरात हे साचे जागोजागी दिसतात. नाताळ हा शब्दच पोर्तुगीज, पण आमच्या नेवऱ्या म्हणजे शेजारच्या काकूंच्या करंज्याच, खोबरं, तीळ, खसखस. आजी आधी कडा कातण्यानं कापायची, काकूंबरोबर दिवाळीचं बसून बसून मुरड घालायला शिकली आणि नंतर आमच्या नेवऱ्यांना मुरडच आली. दिवाळीचं फराळाचं ताट आमच्याकडं यायचं, नाताळचं ताट त्यांच्याकडं जायचं, ताटाबरोबर हात पण शिकायचे. नाताळात टांगायच्या चांदणीचं, म्हणजे तारेचं, तसंच. पप्पा दिवाळीला शेजाऱ्यांचा आकाशकंदील बांधून द्यायचे, उरलेल्या कामट्या आणि पतंगी कागद ठेवायचे आणि डिसेंबरात त्याच्याच तारा करायचे. अशी टोकदार तारा १८३० च्या दशकात जर्मनीतल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत भूमिती शिकवायला करायला लागले. बेळगावच्या बाजारात ती कामट्यांची का झाली तर इथल्या हातांना कंदील आधीच येत होता.

म्हणून "पूर्वीसारखा नाताळ राहिला नाही" असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं की पूर्वी म्हणजे नक्की कधी? २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा झाल्याची रोममधली जुनी नोंद ३३६ सालची. गोठ्याचा देखावा संत फ्रान्सिस यांनी इटलीत ग्रेचो गावी १२२३ मध्ये मांडला. ख्रिसमस ट्री इंग्लंडात घरोघर पोचलं ते १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडासोबतचं चित्र पेपरात छापून आल्यानंतर. प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच होती.

एक बदल मात्र असा की तो आमच्यातल्या कुणीच केला नाही. आमच्या फाटकाशी पॉइन्सेटियाचं झाड आहे, बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात असतं तेच, लाल भडक. ते मूळचं मेक्सिकोचं, आणि ज्याला आपण फूल म्हणतो ती खरं तर पानं असतात, फूल म्हणजे मधले ते बारके पिवळे मणी. नाताळच्या आदल्या दिवशी त्याच्या फांद्या चर्चमध्ये वेदीवर न्यायचा आमचा मान होता. काही वर्षांपूर्वी रस्त्यावर नवा दिवा आला आणि झाडाची रस्त्याकडची बाजू डिसेंबरात हिरवीच राहायला लागली. या झाडाला लाल व्हायला रोज साधारण बारा तासांपेक्षा लांब, सलग अंधारी रात्र काही आठवडे लागते, रात्र मोजायचं काम परत त्याच फायटोक्रोमचं, आणि दिव्याच्या उजेडात झाडाची रात्र संपतच नव्हती. आता आम्ही घराकडच्या बाजूच्या फांद्या नेतो. उजेड तर सगळ्यांना हवाच होता, तरी ती हिरवी बाजू बघून दर वर्षी जीव हळहळतो.

मला खरी काळजी वाटते ती पाकिटातल्या कुलकुलची. चवीला बरे असतात, वेळ कुणाकडं नाही हे पण मान्य, आमच्याकडंही एका वर्षी विकतचेच आणले होते. पण मूल नक्कल करतं ती कृतीची, ताटात तयार येऊन पडलेल्या वस्तूची नक्कल कशी करणार? शिवाय वास. बाकीच्या ज्ञानेंद्रियांचे संदेश आधी मेंदूतल्या थॅलॅमसमधून जातात, वासाचे मात्र जवळजवळ थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी जोडलेले असतात, म्हणून नारळाच्या दुधातलं पीठ कढईत पडल्याचा वास आला की मला आजी आठवते असं म्हणणं कमी पडेल, ती शेजारी पाटावर बसलेली असते. पाकीट फोडून ते होत नाही.

धाकटी बहीण बंगळूरला फ्लॅटमध्ये राहते, गेल्या नाताळला तिला सुट्टी मिळाली नाही. तिनं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात नाचणा पेरला, बुट्टी कुठली मिळणार तिथं, तर वर निळं प्लास्टिकचं घमेलं पालथं घातलं आणि तीन दिवस उघडलं नाही. २३ तारखेला व्हिडिओ कॉल केला तर पोरगा, चार वर्षांचा आहे, फणी घेऊन ताटासमोर बसलेला. एक कुलकुल गुंडाळला, वाकडाच झाला, आणि लगेच फणी ताटावर आपटली. टक टक टक. मम्मी फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हणाली, "दोनदा रे बाळा." त्यानं मान हलवली, दुसरी गोळी घेतली, गुंडाळली आणि परत तीनदा आपटली.