आउटलुक पुन्हा इन्स्टॉल केल्याने बिघाड जातोच असे नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या पेढ्यांपासून करसल्लागारांच्या कार्यालयांपर्यंत एक समज पक्का रुजला आहे: आउटलुक (मायक्रोसॉफ्टचा ई-मेल प्रोग्रॅम) अडले की ते काढून पुन्हा इन्स्टॉल करावे. हा खटाटोप बहुधा वाया जातो, कारण मेल व कॅलेंडर डेटा फाइलमध्ये आणि खात्याची मांडणी प्रोफाइलमध्ये असते, आणि प्रोग्रॅम काढला तरी ही दोन्ही जागच्या जागी राहतात. साहजिकच नव्या प्रोग्रॅमला जुनाच बिघाड भेटतो.

क्लासिक आउटलुक (‘नव्या आउटलुक’आधीची पारंपरिक आवृत्ती) कंट्रोल बटण दाबून धरून उघडावे, म्हणजे सेफ मोडची, म्हणजेच ॲड-इन (वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) न घेता सुरू होण्याची, विचारणा होते. त्यात ते सुरळीत चालले, तर दोष बहुधा एखाद्या ॲड-इनचा असतो. एरवी आउटलुक बंद करून, पीएसटी फाइलची (संगणकावरील डेटा फाइलची) प्रत काढून स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचे साधन चालवावे.

ओएसटी फाइल ही सर्व्हरवरील मेलची प्रत असल्याने ती सहसा नव्याने तयार होते. पीओपी खात्याचे (सर्व्हरवरून मेल संगणकावर उतरवून घेणाऱ्या खात्याचे) कॅलेंडर मात्र केवळ पीएसटीमध्येच असते, त्यामुळे ‘फाइलच उडवा’ हा सल्ला जीएसटीच्या तारखांसकट सारे घालवू शकतो. आउटलुक २०१० पासून या फाइलची मूळ मर्यादा ५० जीबी आहे. ती भरली, तर जुना मेल दुसऱ्या फाइलमध्ये हलवावा लागतो.